तक्त्यातला शेवटचा रकाना

पागधरे सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक खडू असायचा. आमच्या ऑफिसात खडूचा फळा नव्हताच. भिंतीवर पांढरा गुळगुळीत बोर्ड होता, त्यावर लिहायला चार रंगांची पेनं होती आणि त्यातली तीन नेहमी वाळलेली असायची. तरी सरांचा खडू सुटला नाही. पालघरच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी अठरा वर्षं तासिका तत्त्वावर सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवलं होतं. कायम होण्याची वाट बघता बघता ती शाखाच बंद पडली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सर बोईसरला आमच्याकडे नोकरीला आले. तिथून येताना आपण दोनच गोष्टी आणल्या, असं ते म्हणायचे. एक खडू आणि दुसरा खोकला.

साड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आणि सात माणसं, एवढंच आमचं ऑफिस. एमआयडीसीतल्या कारखान्यांना लागणारी छोटी छोटी सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. कामगारांची हजेरी, माल किती आला, किती गेला, वजनकाट्याची पावती, असलं. मालक देशमुख साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना सगळं कालच हवं असायचं. सर आले तेव्हा मी तिथे तीन वर्षं काम करत होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "तुमी काम कुठल्या पद्धतीनं करता?"

"देशमुख साहेब सांगतील त्या," मी म्हटलं.

"म्हणजे पद्धत नाय. बस."

अठरा वर्षं वर्गात उभं राहूनही त्यांच्या बोलण्यातलं समुद्रकाठचं गाव गेलं नव्हतं. सर दांडीचे. वडिलांची होडी होती, आई मासळी सुकवून विकायची. त्यांनी खिशातला खडू काढला आणि फाइलींच्या करड्या लोखंडी कपाटावर, दाराच्या पूर्ण उंचीचा, एक तक्ता काढला. एकेका ओळीत सॉफ्टवेअर बनवायची एकेक पद्धत.

"हा वॉटरफॉल. गिऱ्हाइकाला काय हवं ते सगळं आधी विचारायचं, लिहायचं, त्याची सही घ्यायची. मग आराखडा, मग बांधणी, मग तपासणी, मग ताबा. पाणी खाली येतं, वर जात नाय. आमच्या बापानं होडी बांधून घेतली ती अशीच. तळाचं लाकूड बसल्यावर मालकानं मत बदललं तर मिस्त्री हत्यारं उचलून घरी जातो. हा व्ही. यात प्रत्येक पायरी लिहितानाच ती तपासणार कशी तेही लिहून ठेवायचं. हा स्पायरल. घिरट्या घालत पुढं जायचं आणि दर घिरटीला आधी विचारायचं, धोका कुठं हाय? हा नमुन्याचा, आधी खोटं खोटं करून दाखवायचं. आणि हा अजाइल. थोडं करायचं, दाखवायचं, गिऱ्हाईक नाक मुरडणार, परत करायचं. जाळं रोज फाटतं, रोज विणतात. त्याला कोण सही मागतो?"

मग उभे रकाने. मागणी ठरलेली आहे का, बदल किती महाग पडेल, गिऱ्हाइकाला काम कधी दिसेल, माणसं किती लागतील. हे सगळं मीही परीक्षेपुरतं पाठ केलेलं होतं. शेवटी कपाटाच्या कडेला अगदी चिकटून त्यांनी आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'चुकलं तर कोण रडणार?'

"हा रकाना पुस्तकात नाही, सर," मी म्हटलं.

"पुस्तक लिहिणारा रडत नाय म्हणून," सर म्हणाले. "चांगलं मॉडेल, वाईट मॉडेल असं काय नसतं. आधी हा रकाना भरायचा. इथं 'कोणी नाय' आलं तर खुशाल अजाइल कर, आजची चूक उद्या सुधारता येते. इथं माणसाचं नाव आलं तर घाई बाजूला ठेवायची."

तो तक्ता कपाटावर राहिला. झाडूवाली मावशी सगळं ऑफिस पुसायची, पण त्या दारावर फडकं मारायची नाही.

सरांना कुठल्याही दोन गोष्टी शेजारी दिसल्या की तक्ता काढल्याशिवाय चैन पडत नसे. खालच्या चहावाल्याच्या ओट्यावर त्यांनी एकदा त्याच्याच चहाची समोरच्या चहाशी तुलना काढून ठेवली. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी आलं जास्त घालायला लागला. मला एकाच वेळी तीन स्थळं आली होती तेव्हाही मी गंमत म्हणून सरांना सांगितलं. त्यांनी लगेच एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर तक्ता काढला. नोकरी, गाव, आई कशी आहे, पगार घरी आणतो का. आणि शेवटच्या रकान्यात तिन्ही ओळींत एकच नाव लिहिलं, माझं. 'सुजाता'.

"तिन्हीकडं उत्तर एकच आलं की घाई करायची नाय. प्रश्न वाढवायचे."

मी प्रश्न वाढवले. दोन स्थळं आपणहून निघून गेली, तिसऱ्याशी मी लग्न केलं. अजून तरी त्या कारणासाठी रडायची वेळ आलेली नाही.

डब्यात त्यांच्या हमखास सुकट असायची. देशमुख साहेब शाकाहारी. डबा उघडला की ते कानाला फोन लावून जिन्यात जायचे, आणि सर म्हणायचे, "साहेबांची मीटिंग माझ्या डब्याच्या वेळेला ठरलेली हाय." एकदा साहेब पुण्याला दोन दिवसांचं शिबिर करून आले. येताना रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि नवा नियम घेऊन आले, की रोज सकाळी सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभं राहून काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं. सर म्हणाले, "आमच्या दांडीत बायका नळावर हेच करतात. पाणी यायच्या आत गावाचं सगळं काम ठरतं." साहेब हसले नाहीत. पण तो नियम सगळ्यात मनापासून पाळला तो सरांनीच. नव्याला नाक मुरडणाऱ्यांतले ते नव्हते, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे लोक म्हणाले, की जुन्या मास्तराला नवं काही जमलंच नाही.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. सुरुवातीला मी तपासणीचा अहवाल छापून त्यांच्यापुढे ठेवला होता. खाली ठळक अक्षरात होतं, 'सर्व चाचण्या यशस्वी'. सरांनी तो कागद उलटा करून ठेवला.

"आमच्याकडं वारा सुटला आणि होड्या बाहेर असल्या की बायका किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहतात," ते म्हणाले. "होडी दिसली म्हणून कोण घरी जात नाय. होडी आली म्हणजे माणूस आला असं थोडंच हाय? माझी आई एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. आतून 'ओ' आली की पुढचं नाव. सात माणसं गेली असतील तर सात 'ओ' ऐकायच्या. सहा ऐकून ती कधी वळली नाय. तू ही नुसती होडी दाखवलीस मला. ओ कोणाकोणाची आली ते सांग."

मी परत बसले आणि एकेक चाचणी हाताने करून बघितली. दोन चुका निघाल्या. तेव्हापासून काम संपलं की सर दारातूनच विचारायचे, "ओ आली का?"

आता त्या कामाबद्दल सांगायला हवं. हे सगळं मी त्या कामासाठीच लिहायला घेतलं आहे, आणि इतका वेळ डब्यातल्या सुकटीवर रेंगाळले ते धीर होत नव्हता म्हणून.

सर येऊन सात वर्षं झाली तेव्हा एका रंगाच्या कारखान्याला कंत्राटी कामगारांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर हवं होतं. गेटावर एक यंत्र, येताना कार्ड दाखवायचं, जाताना दाखवायचं, महिन्याच्या शेवटी कोणी किती तास काम केलं त्याची यादी. सरांनी कपाटापुढे उभं राहून शेवटचा रकाना भरला. चुकलं तर कोण रडणार? 'कोणी नाय. ठेकेदार ओरडेल.' मग थोडं करायचं, दाखवायचं, बदलायचं असं ठरलं. त्या कामाला तेच योग्य होतं. आजही मला त्यात चूक सापडत नाही.

पहिला भाग चालू झाला तेव्हा सर नेहमीप्रमाणे दोन संध्याकाळी गेटावर जाऊन उभे राहिले. यंत्र एक आणि सुटणारी माणसं शंभराच्या वर. रामसुंदर नावाचा मुकादम होता, वीस वर्षं बोईसरात काढलेला. त्याच्या टोळीत सतरा माणसं, बहुतेक मनोरकडच्या पाड्यांवरची. त्यांचा टेम्पो सव्वापाचला सुटायचा, आणि तो चुकला की पुढची गाडी नव्हती.

"साहब, एक एक आदमी कार्ड दिखाएगा तो टेम्पो निकल जाएगा," रामसुंदर त्यांना म्हणाला. "पहले रजिस्टर में मैं ही सबका नाम लिखता था. ये मशीन ने तो हमको लाइन में खड़ा कर दिया."

सर ऑफिसात आले ते उड्या मारायचे बाकी होते. "बघ, सुजाता! हे कागदावर कधी आलं असतं? मॅनेजर कधी टेम्पोत बसलाय? गेटावर उभं राहिल्याशिवाय हे कळत नाय." दोन दिवसांत आम्ही बदल केला. मुकादमाने आपलं एकट्याचं कार्ड लावलं की त्याची सगळी टोळी एकदम बाहेर गेल्याची नोंद व्हायची. कारखान्याची हरकत नव्हती, ठेकेदाराची नव्हती. पुढच्या खेपेला सर गेले तर त्या सतरा जणांनी त्यांना बळेबळे चहा पाजला. त्यांत दिनेश नावाचा एक तिशीचा माणूस होता. पिंपं उचलून खांदे रुंद झालेला, आणि बोलायला लाजणारा. तो म्हणाला, "सर, आता अंधाराच्या आत घरी जातो आमी."

तीन महिन्यांनी कारखान्यातून फोन आला. एक छोटंसं काम होतं. या क्षणाला आत किती माणसं आहेत तो आकडा एका स्क्रीनवर दिसायला हवा. मी म्हटलं, त्यात काय, आत आलेले वजा बाहेर गेलेले. अर्ध्या दिवसात केलं. शाळेतली वजाबाकी होती ती. सरांना त्या दुपारी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पालघरला जायचं होतं. हेल्मेट डोक्यावर चढवलेलं होतं.

"आकडा जुळतो?" त्यांनी विचारलं.

"जुळतो, सर."

"दे पाठवून."

हा आकडा तुम्हाला कशाला हवा, हे ना मी विचारलं, ना त्यांनी. हेल्मेट घातलेल्या माणसाला खिशातला खडू आठवत नाही. कपाटावर त्या कामाच्या ओळीत शेवटच्या रकान्यात 'कोणी नाय' असंच राहिलं.

थंडी सरत आली होती. संध्याकाळी साडेपाचला धोक्याचा भोंगा वाजला आणि एमआयडीसीच्या दिशेला धूर दिसला, आधी काळा, मग पिवळट. बोईसरात धूर दिसला की माणसं पहिल्यांदा वारा कुठून कुठे आहे ते बघतात, तसं आम्हीही बघितलं. वारा आमच्या बाजूला नव्हता. आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि आपापल्या घरी गेलो.

रंगाच्या कारखान्याचं मागचं गोदाम पेटलं होतं. पाळीवरचे कायम कामगार मैदानात जमले. बंबवाल्यांनी विचारलं, "आत कोण आहे?" सुरक्षा अधिकाऱ्याने हातातल्या पडद्याकडे बघितलं. कंत्राटी कामगार आत, शून्य. त्याने सांगितलं, कोणी नाही. मग आत जायचं कारणच उरलं नाही. बंबवाल्यांनी बाहेरून पाणी आणि फेस मारला, आणि त्यांनी केलं ते बरोबरच होतं.

दिनेश आत होता. पिंपांची शेवटची रांग लावायची राहिली होती म्हणून तो थांबला होता. रामसुंदरने पाच वाजता आपलं कार्ड लावलं तेव्हा यंत्राने सतरा माणसं बाहेर काढली, त्यात दिनेशही बाहेर गेला. टेम्पोत तो दिसला नाही, पण तो कधी कधी मामाच्या जीपने जायचा, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. सकाळी पिंपं थंड झाल्यावर तो सापडला. दाराच्या बाजूला तोंड करून पडला होता.

देशमुख साहेबांनी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा सरांनी एकच विचारलं. "स्क्रीनवर काय होतं?"

"शून्य," साहेब म्हणाले.

सर खुर्चीत बसले. त्यांनी डबा उघडला नाही, संध्याकाळी तसाच परत नेला. मला वाटलं होतं, ते माझ्याकडे बघतील. वजाबाकी मी केली होती. त्यांनी बघितलं नाही, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

आठ दिवसांनी ते म्हणाले, "मी दिनेशच्या घरी जातो." मी त्यांच्या मागे स्कूटरवर बसले. पाड्यावर घर शोधायला वेळ लागला नाही. दिनेशची बायको आतून बाहेर आलीच नाही. बाप ओट्यावर बसला होता. सरांनी आपण कोण ते सांगितलं. म्हाताऱ्याने मला पाणी दिलं, सरांना दिलं.

"म्हंजी गेटावरची मशीन तुमची काय?"

"हो," सर म्हणाले.

"तिनं सांगितला का दिनेश बाहेर गेला?"

"हो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "बाहेर गेला, तं मंग घरी का नाय आला?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत कोणी प्रश्न विचारला आणि सरांनी खडू काढला नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परत येताना त्यांनी वाटेत गाडी थांबवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आले तेव्हा ते कपाटापुढे उभे होते. जुन्या तक्त्याच्या पलीकडे, कपाटाच्या दुसऱ्या दारावर, त्यांनी आणखी एक रकाना आखला होता. त्यावर लिहिलं होतं, 'दिनेश वाचला असता का?' आणि ते एकेक ओळ भरत होते. वॉटरफॉल: सहीनंतर बदल नाही, टोळीचं कार्ड आलंच नसतं, वाचला असता. व्ही: त्या स्क्रीनची चाचणी आधी लिहावी लागली असती, तिथे मुकादमाचं कार्ड आठवलं असतं, वाचला असता. स्पायरल: धोका कुठं हाय, हे आधी विचारलं असतं, वाचला असता. प्रत्येक ओळीत 'हो'. फक्त शेवटच्या ओळीत 'नाय'.

"म्हणजे पद्धत चुकली," मी म्हटलं. मला वाटलं, यात त्यांना थोडा आधार असेल. खरं सांगायचं तर आधार मला हवा होता.

सर तक्त्याच्या आणखी जवळ गेले. मग त्यांनी तळहाताने पहिला 'हो' पुसला आणि तिथे 'नाय' लिहिलं. मग दुसरा पुसला. मग तिसरा.

"सर, हे काय करताय?"

"वॉटरफॉलमदे मी सही घेऊन घाईत पालघरला गेलो असतो. व्हीमदे चाचणीचा कागद भरला असता आणि हेल्मेट घातलं असतं. स्पायरलमदे धोका विचारायच्या दिवशी आईचा डोळा असता." ते अगदी सावकाश बोलत होते. "मॉडेल वेगळं असतं, सुजाता. मी तोच असतो."

"सर, कोड मी लिहिला होता. आकडा जुळतो असं मी सांगितलं."

"तू जुळतो म्हणालीस. जुळतच होता. ओ आली का, हे विचारायचं काम माझं होतं."

त्यांनी हात शर्टाला पुसले. आम्ही सगळे आपापल्या पडद्यांकडे बघत बसलो होतो आणि खालच्या साडीच्या दुकानात कोणीतरी दणादण पुतळे हलवत होतं. जबाब द्यायला त्यांना कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत बोलावलं तेव्हा मीही बरोबर जाते म्हटलं, तर म्हणाले, "तुझं काय काम?" तिथे त्यांनी लिहून दिलं, की हा भाग मीच लिहिला, मीच तपासला, मीच पाठवला. माझं नाव त्यात कुठेही नाही. हे मला नंतर कळलं, आणि तेव्हा मी गप्प बसले. मला दोन मुलं होती, घराचं कर्ज होतं. कारणं सगळ्यांना असतात.

रामसुंदरला काढून टाकलं. मालकाने गोदामाचं छप्पर नवं घातलं. आमचं सॉफ्टवेअर चालूच राहिलं, टोळीच्या कार्डासकट. ते काढून टाकू, असं सर तीनदा म्हणाले. देशमुख साहेब म्हणाले, "पागधरे, गिऱ्हाइकाकडून लेखी येऊ द्या." कारखान्याचं म्हणणं, ते काढलं तर गेटावर रांग लागेल. मग सर स्वतः कारखान्यात गेले आणि म्हणाले, निदान सुटीचा भोंगा वाजल्यावर मुकादमाने एकेकाचं नाव घेऊन हाक मारू दे. ते कारखान्याला पटलं. नावांचा एक छापील कागद तयार झाला, प्रत्येक नावापुढे एक चौकोन. सरांचा चेहरा त्या दिवशी जरा उजळला होता.

महिन्याने ते बघायला गेले. सकाळचे दहा वाजले होते. नव्या मुकादमाच्या टेबलावर त्या दिवसाचा कागद होता, आणि त्यावर सोळाही चौकोनांत बरोबरच्या खुणा करून ठेवलेल्या होत्या. नंतर घाई होते म्हणून तो सकाळीच करून ठेवायचा. सरांनी तो कागद दुमडून आणला, माझ्या टेबलावर ठेवला, आणि आत जाऊन राजीनामा लिहिला. जाताना खडू कपाटावर ठेवून गेले.

मी फोन करत राहिले, ते उचलत नव्हते. शेवटी एका शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी दांडीला गेले. त्यांची आई ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. डोळा बरा झाला होता, तिने मला लांबूनच ओळखलं.

"हरू घरी नाय गो बाय," ती म्हणाली. "रोज चारला निघतो. पार अंधार पडल्यावर येतो. रविवार नाय, सण नाय. कुठं जातो इचारला तं सांगत नाय. आयला सांगत नाय असा पोर नव्हता तो."

मला कुठे जायचं ते कळलं.

रंगाच्या कारखान्याच्या गेटासमोर, रस्त्याच्या पलीकडे, शिरीषाचं एक झाड आहे. सर तिथे उभे होते. दाढी वाढली होती, शर्टाचा खिसा रिकामा. पाच वाजले होते, कामगार सुटत होते. मी गाडी जरा अलीकडेच थांबवली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे बघून सर हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होते. आधी मला वाटलं, मोजताहेत. मग ऐकू आलं. ते नावं घेत होते.

"गणपत."

"ओ, सर."

"काशिनाथ."

"ओ."

"संतोष."

"ओ, येतो सर."

त्यांना आता सवय झाली असावी. कोणी हसत नव्हतं. चालता चालता 'ओ' म्हणायचे आणि टेम्पोत चढायचे. एक माणूस तसाच पुढे गेला, तर त्याच्या मागच्याने त्याला ढोसलं, तसा तोही वळून 'ओ' म्हणाला. सोळा नावं झाली. टेम्पो सुटला. पहारेकऱ्याने मोठं गेट ओढून घेतलं, मग छोटं दारही लावलं आणि आत जाऊन दिवा लावला.

मी जवळ गेले. त्यांनी मला बघून आश्चर्य दाखवलं नाही.

"चला सर," मी म्हटलं. "दांडीपर्यंत सोडते तुम्हाला."

त्यांची नजर गेटावरून हलली नाही.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून एक जण यायचा हाय."

मी गाडी बंद केली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.